बश्नीनला नऊपैकी नऊ

दुमियात,
मंगळवार, ३ एप्रिल २००१

हाझिम, माझ्या बहिणीच्या लेका,

तू ठणठणीत असणार हे मला माहीत आहे. तुला साधी शिंक आली असती तरी तुझ्या आईने कैरोहून अर्ध्या दुमियातला कळवलं असतं. पत्र लिहितेय ते अशासाठी, की आमच्या गल्लीतला फोन वगीदाच्या घरी आहे आणि वगीदाच्या घरी बोललेलं चहा गार व्हायच्या आत नदीपलीकडे पोचतं.

तर ऐक. परवा भट्टीवर एक साहेब आले. गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट, नाव लबीब. बश्नीन कंपनीचे. तीच रे, टीव्हीवर डब्यातली कहक, आपली ईदची पिठीसाखरेची बिस्किटं, विकते ती. बसले, माझी तिळाची चार बिस्किटं खाल्ली, हात माझ्याच टेबलाच्या कापडाला पुसले आणि म्हणाले, "हाज्जा, ही भट्टी आम्हाला द्या." कोपऱ्याची जागा, तोंड नदीकडे, त्यांना इथे मोठं दुकान थाटायचंय. मी म्हटलं, पैसे किती? तर म्हणे पैसे नाही, शेअर. मी म्हटलं, म्हणजे कागदच ना? तर छातीवर हात ठेवून म्हणतात, "कागद काय म्हणता हाज्जा! नऊपैकी नऊ! आणि हे नऊ कुणी दिलेत विचारा. कैरोच्या शेअरदलालीच्या पेढीतल्या तुमच्याच भाच्याने!"

आता तू सांग. हे नऊ काय प्रकरण आहे? तू कंपनीची नाडी बघतोस की जीभ बाहेर काढायला लावतोस? तुझे खालू रिझ्क गेल्यापासून ही भट्टीच माझा संसार ओढते आहे. रमजान ईदच्या आधी अख्ख्या गल्लीच्या बायका डोक्यावर थाळ्या घेऊन येतात, घरी वळलेली कहक माझ्याकडे भाजून नेतात, आणि भाजून होईपर्यंत कुणाची सून कशी आहे त्याचा निकाल लावतात. ते सगळं सोडायचं म्हणजे खेळ नाही. पण माझे गुडघेही आता बोलायला लागलेत. लबीबना मी उन्हाळ्यापर्यंतचा वेळ मागितलाय.

तू म्हणशील तसं करीन. शिकलेला माणूस घरात असून उपयोग काय नाहीतर?

तुझी खाला
इन्शिराह


कैरो,
१४ एप्रिल २००१

आदरणीय खाला,

तुमच्या हातांचं चुंबन. पत्र वाचून अभिमान वाटला. आमच्या गल्लीतली माणसंही आता ताळेबंदावर बोलू लागली, हे देशाच्या दृष्टीने चांगलं लक्षण आहे.

तुम्ही चेष्टेने नाडी म्हणालात, पण बरोबर तेच आहे. शेअरबाजारातल्या कंपनीची तब्येत मोजायची ही पद्धत अमेरिकेहून आली आहे. तिला आम्ही आरोग्य-गुणांक म्हणतो. कंपनीला नऊ प्रश्न विचारायचे, दर 'हो'ला एक गुण. नफा झाला का? रोकड खरोखर हातात आली का? नफ्याचं प्रमाण मागच्या वर्षीपेक्षा वाढलं का? कर्ज मागच्या वर्षीपेक्षा कमी झालं का? नवे शेअर न काढता, म्हणजे नवे भागीदार न घुसवता, वर्ष भागवलं का? असे नऊ. यात वशिला नाही, भावना नाही. आकडे टाकायचे, यंत्र गुण देतं. बाजारातल्या बहुतेक कंपन्या चार-पाचवर धापा टाकतात. बश्नीनने सन २००० चे आकडे दिले आणि थेट नऊ! आमचे साहेब मुनीरसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. ते सहसा उठत नाहीत.

तुमचं मन भट्टीत गुंतलंय, समजतो मी. म्हणून सहज तुमच्या भट्टीचाही गुणांक काढून पाहिला. राग मानू नका, दोन आला. विक्री वाढत नाही, जागेचा पुरेपूर उपयोग नाही, आणि रोजची रोकड खालूंच्या जुन्या चहाच्या डब्यात. दोनवाली वस्तू देऊन नऊवाली घ्यायला शास्त्र कधीच नाही म्हणत नाही. आमच्या पेढीचा या व्यवहाराशी तसा काही संबंध नाही, मी निःपक्षपातीपणे सांगतोय. सही करा.

माझं विचाराल तर सगळं ठीक, फक्त पँटी घट्ट झाल्यात. गेल्या वर्षी जानेवारीत तुमची ईदची कहक खाल्ली, ती जिरते न जिरते तोच डिसेंबरात पुन्हा ईद आणि पुन्हा तुमची कहक. डॉक्टर म्हणतो चाला. कैरोत चालायला जागा कुठे आहे?

तुमचा
हाझिम


दुमियात,
३० एप्रिल २००१

हाझिम,

दोन? दोन रे? ज्या भट्टीच्या पावावर तू बारा वर्षांचा होईपर्यंत सुट्ट्या काढल्यास तिला दोन? तुझे खालू असते तर त्यांनी तुला त्याच भट्टीत उबेला बसवलं असतं. असो. शास्त्र म्हणतोस तर शास्त्र.

पण तुझं पत्र मी बायकांसमोर मोठ्याने वाचायला नको होतं. गल्लीला तापच आलाय गुणांकाचा. जो तो दुसऱ्याला नऊ प्रश्न विचारत सुटलाय. वगीदाने पहिल्या झटक्यात जावयाला धरलं. नफा? नाही. रोकड? सासऱ्याची. कर्ज मागच्या वर्षीपेक्षा कमी? फर्निचरवाल्याला विचारा. मग ती 'नवे भागीदार' या प्रश्नावर आली, आणि जावयाच्या तोंडाकडे बघून तिला कळलं की मनसुऱ्यात त्याने दुसरं लग्न करायचं बोलणं चालवलंय! काय गोंधळ झाला म्हणून सांगू. तुझं शास्त्र खोटं नाही एवढं गल्लीला तिथेच पटलं.

मी माझ्या रिझ्कलाही लावून पाहिलं. तीन. तीनच आले रे. आणि त्या तीनावर मी एकतीस वर्षं मजेत काढली.

आता महत्त्वाचं. वगीदाने धाकट्या लेकीच्या लग्नासाठी ठेवलेल्या सोन्याच्या बांगड्या विकून बश्नीनचे शेअर घेतले. शिवणकाम करणाऱ्या नजाहनेही घेतले, आणि समोरच्या मास्तरांनीही. "हाझिमने नऊ दिलेत ना, मग झालं," असं तिघंही म्हणाली. त्यांना बाजाराचं काही कळत नाही, तुझं नाव तेवढं कळतं.

लबीबसाहेब पुन्हा येऊन गेले. या खेपेला सहा बिस्किटं. बोलता बोलता म्हणाले, "हाज्जा, तुमची सही झाली की हाझिमसाहेब खात्याचे प्रमुख होणार, पेढीला बश्नीनचं सगळं काम मिळणार." अरे लबाडा, हे तू लिहिलंच नाहीस! संबंध नाही म्हणे. मला कळतं, तुला वाटलं असेल खालाला भीड पडेल. लहानपणीही असाच होतास, भूक लागली की भिंतीकडे तोंड करून बसायचास.

आता तर मी सही करणारच. गुणांक राहू दे बाजूला. तुझ्या दारावर तुझ्या नावाची पाटी लागणार असेल तर एक भट्टी म्हणजे काय मोठं.

तुझी खाला


कैरो,
२ जून २००१

आदरणीय खाला,

उत्तराला उशीर झाला. कामाचा डोंगर आहे.

माझ्या बढतीचा आणि तुमच्या सहीचा काही संबंध जोडू नका. लबीबसाहेब बोलघेवडे आहेत.

मी असं सुचवतो की सहीची घाई नको. हे दिवस उन्हाचे. उन्हात माणूस कागद नीट वाचत नाही. जुलैत सरकारी कचेऱ्या झोपलेल्या असतात. ऑगस्टमध्ये वकील लोक समुद्रावर जातात. सप्टेंबरात बघू. किंवा ईदनंतर. शास्त्राच्या दृष्टीने, एखाद्या कंपनीचे आणखी एका वर्षाचे आकडे हाती येऊ देणं कधीही उत्तम. म्हणजे नऊ आहेतच, नऊ कुठे जात नाहीत. पण बघितलेलं बरं.

कैरोत भयंकर उकडतंय. आई तुमची आठवण काढते.

तुमचा
हाझिम


दुमियात,
२० जून २००१

हाझिम,

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. यात 'उन्हाळा' सोडून काही आहे का रे?

एप्रिलमध्ये तू दोन पानं शास्त्र शिकवलंस, आणि आता म्हणतोस वकील समुद्रावर गेलेत. वगीदाच्या बांगड्यांबद्दल मी लिहिलं, त्यावर एक अक्षर नाही. तू लाजतोयस असं मी गल्लीत सांगितलं, पण माझं मलाच पटलं नाही.

इथे माझी पंचाईत झाली आहे. लबीबसाहेबांनी गुरुवार, १२ जुलै ठरवलाय. त्या दिवशी एक तर सही, नाहीतर ते पुलाजवळची जागा घेणार. बायका येऊन बसतात आणि विचारतात, "इन्शिराह, ईदला थाळ्या कुठे न्यायच्या?" मी म्हटलं, कंपनीची डब्यातली घ्या. लबीबनी नमुन्याला दिलेला डबा फोडून त्यांना खायला दिली. नजाहने एक तुकडा तोंडात घातला, बराच वेळ चघळला आणि म्हणाली, "भाजलेला पुठ्ठा आहे, पण डबा सुंदर आहे." खरं सांगू? त्या हसल्या, पण मला रडू आलं. ही भट्टी गेली तर मी सकाळी उठून करू काय, हे कुणी विचारलंच नाही मला. तूही नाही.

तरी तुझ्यासाठी मी ती देईन. फक्त मला एका शब्दात सांग. नऊ शब्दांत नको. देऊ की नको?

खाला


कैरो,
३ जुलै २००१

खाला,

नको. सही करू नका.

आता सगळं सांगतो. मे महिन्यात बश्नीनचे या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांचे आकडे माझ्या टेबलावर आले. मागच्या वर्षी याच तीन महिन्यांत जेवढी कहक विकली, त्याचा चौथा हिस्साही नाही. मला वाटलं टाइप करणाऱ्याची चूक. पुन्हा मागवले, तेच. कंपनी आजारी कधी पडली? कालपर्यंत तर नऊ होते! मी डोकं धरून बसलो आणि पोट टेबलाला लागलं, आणि खाला, मला माझं ते पत्र आठवलं. जानेवारीत ईदची कहक, डिसेंबरात पुन्हा ईदची कहक.

लक्षात येतंय ना? आपलं चंद्राचं वर्ष अकरा दिवसांनी आखूड. सन २००० च्या जानेवारीत आठ तारखेलाच रमजानची ईद आली, आणि त्याच सालच्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दुसरी. बश्नीन ईदच्या कहकवर जगते. तिच्या एका वर्षाच्या वहीत दोन ईदची विक्री पडली! आदल्या वर्षी एकच ईद, या वर्षीही एकच. आणि यंत्र आपलं विचारतंय, मागच्या वर्षीपेक्षा विक्री वाढली का? नफा वाढला का? रोकड आली का? कर्ज फिटलं का? दोन ईद मिळाल्यावर कुणाचं फिटणार नाही? कंपनीने काही केलं नव्हतं. चंद्राने केलं होतं.

मी धावत मुनीरसाहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, घोटाळा झाला. दोन ईद!" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, "हाझिम, त्या वर्षी मला तुम्हा सगळ्यांना ईदचा बोनस दोनदा द्यावा लागला. तुला काय वाटलं, मी विसरलो?"

मी म्हटलं, "मग गुणांक?"

"गुणांकाचं काय? फॉर्मवर ईदचा रकाना दाखव मला."

"नाही आहे साहेब."

"मग? ज्यांनी हे शास्त्र काढलं ते काय वेडे होते?"

बाहेर आलो तर हिशेबाच्या सुहैरबाई म्हणाल्या, "अय्या, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे! एका वर्षात चार पोरांना दोनदा नवे कपडे शिवले मी, माझं कंबरडं मोडलं." चहावाल्यापासून फाटकावरच्या माणसापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. खाला, आम्ही सगळ्यांनी त्या वर्षी दोनदा ईदची नमाज पढली, दोनदा पोटं बिघडवून घेतली, आणि कचेरीत येऊन कोट काढून ठेवला की एकालाही ईद आठवत नव्हती. घरी सगळे शहाणे, टेबलाशी बसलं की सगळे अमेरिकेचे.

मुनीरसाहेबांनी पुढे जे सांगितलं ते ऐका. नवा गुणांक वर्ष संपल्यावर. तोवर नऊ म्हणजे नऊ. तोवर बश्नीनने तुमच्यासारख्या कोपऱ्यावरच्या जागा शेअर देऊन पदरात पाडून घ्यायच्या. आणि पेढीला तिचं सगळं काम मिळायचं, मला खातं मिळायचं. होय, ते खरं आहे. मी तुमच्याशी खोटं बोललो.

तर सही करू नका. आणि हात जोडतो, कारण कुणाला सांगू नका. हे बाहेर फुटलं तर माझी नोकरी गेली. वगीदाबाईंचं मला वाईट वाटतं, पण गल्लीने एकदम शेअर विकायला काढले तर बोभाटा होईल. त्यांचं पुढे काहीतरी बघू.

तुमचा, लाज वाटणारा
हाझिम


दुमियात,
१५ जुलै २००१

हाझिम,

मी सही केली.

थांब, आधी वाच. तुझं पत्र सोमवारीच मिळालं. एकटीने वाचलं, दार लावून. पहिल्यांदा हसू आलं. दोन ईद! अरे, मलाही कुठे सुचलं? त्या वर्षी दोन्ही वेळा माझीच बोटं भाजली होती. मग शेवटच्या ओळींवर आले आणि माझं डोकं असं फिरलं की कागद भट्टीत टाकायला उठले. खाला वाचली म्हणजे झालं, होय? आणि वगीदा? तिने बांगड्या बश्नीनला बघून विकल्या का? तुझ्या नावावर विकल्या. 'पुढे काहीतरी बघू' हे मुनीरने शिकवलं की तूच काढलंस?

बायकांना शेअर बाजारात काढायला सांगावं तर बोभाटा होऊन तुझी नोकरी जाणार, न सांगावं तर त्या बुडणार, तीन दिवस हेच डोक्यात. गुरुवारी लबीब आले, फाउंटन पेन घेऊन. मी म्हटलं, "साहेब, मला तुमचे शेअर नकोत." त्यांचा चेहरा उतरला. म्हटलं, "भट्टी घ्या. पण या गल्लीतल्या तीन घरांनी तुमच्या शेअरमध्ये घातलेलं सगळं रोख परत द्या, वर थोडा नफा घाला. शेअर तुमचे तुम्ही घ्या." ते बोटांवर मोजत राहिले. कोपऱ्याच्या जागेपुढे तीन घरांची रक्कम म्हणजे शेंगदाणे. त्यांनी इतक्या पटकन हो म्हटलं की बिस्किटही राहून गेलं खायचं.

मी बायकांना सांगितलं, हाझिमचा निरोप आहे, भाव वर आहे तोवर विका. वगीदाने बांगड्या परत घेतल्या, वर एक अंगठी. नजाहने शिलाईचं नवं मशीन आणलंय. मास्तर तर तुझ्यासाठी रोज दुआ मागतात. आता सगळ्या मला विचारतात, "हाझिम पुढचं नऊ कुणाला देणार?" भट्टी मी तुझ्यासाठी दिली हे त्यांना माहीत आहे. कशासाठी दिली ते माहीत नाही. त्यांना वाटतं तुझ्या बढतीसाठी.

काल माणसं आली आणि भट्टीची घुमटी फोडली. आत रिझ्कच्या हाताचे ठसे होते मातीत, त्यांनी बांधताना उमटलेले. मला कधी दिसले नव्हते, आत नेहमी जाळ असायचा. आज सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा पाव विकत आणला. वाईट होता.

मला तुझं पत्र नको, माफी नको. तुला माझ्याशी बोलायचं असेल तर ईदला इथे ये, आणि गल्लीत उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांग. तोपर्यंत लिहू नकोस.

इन्शिराह


कैरो,
२४ नोव्हेंबर २००१

खाला,

तुम्ही लिहू नको म्हणालात, म्हणून इतके महिने गप्प बसलो. आता येतोय, म्हणून लिहितो.

तुमची सही झाल्यावर पंधरा दिवसांत मी खात्याचा प्रमुख झालो. बढतीच्या पत्रात कारण दिलं होतं, 'दुमियातच्या जागेच्या व्यवहारात दाखवलेलं कौशल्य'. दारावर पितळेची पाटी लागली. आईने येऊन तिचा फोटो काढला. मी रोज त्या पाटीखालून आत जायचो आणि मला तुमचा विकतचा पाव आठवायचा.

रमजान लागायच्या आधी ईदवर चालणाऱ्या सगळ्या कंपन्यांचे सन २००० च्या गुणांकाचे फॉर्म बाहेरच्या गुंतवणूकदारांना पाठवायला पुन्हा सहीला आले, बश्नीन, खजूरवाले, लहान मुलांचे कपडेवाले. मी प्रत्येकाच्या तळाशी हाताने दहावा प्रश्न लिहिला: 'या वर्षाच्या हिशेबात ईद किती आल्या?' आणि बश्नीनच्या फॉर्मवर उत्तरही लिहिलं: 'दोन'.

मुनीरसाहेब फॉर्म नाचवत आले. "हे काय आहे?"

"दहावा प्रश्न, साहेब."

"गुण नऊच आहेत! दहावा गुण कुठून आणू? यंत्राला काय सांगू? लंडनचे गुंतवणूकदार विचारतील, ईद म्हणजे काय."

मी म्हटलं, "सांगा ना त्यांना. आपल्यालाच तर माहीत आहे."

ते म्हणाले, "हाझिम, तुझी तब्येत बरी दिसत नाही."

आता मी तळघरात जुन्या फायलींच्या खोलीत बसतो. पगार तोच, पंखा नाही. पाटी त्यांनी काढली, चार स्क्रूंची भोकं दारात राहिलीत. मला वाटलं होतं फार वाईट वाटेल. वाटलं, पण पोटभर झोप लागली.

ईदच्या आधी दोन दिवस पोचतो. गल्लीत उभा राहीन आणि सगळं सांगीन. वगीदाबाईंनी चप्पल काढली तर मध्ये पडू नका.

हाझिम


दुमियात,
२२ डिसेंबर २००१

हाझिम, माझ्या बहिणीच्या लेका,

सुखरूप पोचलास हे तुझ्या आईकडून कळलं. तू गेल्यावर इथे जे झालं ते ऐक.

तू सरबताच्या खोक्यावर उभा राहून सगळं सांगितलंस. नऊ खोटे होते, दोन ईद होत्या, मला माहीत झालं तरी मी गप्प बसलो, खालाने भट्टी देऊन तुमचे पैसे सोडवले. मी दारातून बघत होते. मला वाटलं, आता चप्पल. आणि वगीदा काय करते? डोळे पुसते! "किती नम्र पोरगा!" म्हणाली.

एकाचाही विश्वास बसला नाही तुझ्यावर. मास्तरांनी वर्तमानपत्र आणून दाखवलं, बश्नीनचा भाव निम्म्यावर आलाय. "बघा! आपल्याला बरोबर वेळेला बाहेर काढलं त्याने, आणि वर म्हणतो मला काही कळत नव्हतं!" नजाहचं म्हणणं, तू पुढची चांगली कंपनी लपवतोयस, म्हणून हे नाटक. मी ओरडून सांगितलं की पोरगा खरं बोलतोय. तर माझ्याकडे बघून म्हणतात, "इन्शिराह, तू भाच्याची बाजू घेणारच." कशी बाजू घेतेय ते मलाच कळेना!

तर आता तुझं नाव गल्लीत आधीपेक्षा मोठं आहे आणि आपल्याला दोघांना ते घेऊनच जगायचंय. ही शिक्षा तुला पुरेशी आहे असं मी ठरवलंय.

आणि ते दुकान. माझ्या कोपऱ्यावर बश्नीनने काचा लावल्यात, आणि आत भिंतीवर एक मोठं चित्र काढलंय. कशाचं सांग. भट्टीचं! घुमटी, जाळ, समोर हसणारी बाई. खाली लिहिलंय, 'आजीच्या भट्टीची चव'. लबीब दारात उभे होते, आणि त्यांच्यासमोरून आपली अख्खी वरात गेली, वगीदा, नजाह, मास्तरांची सून, मी, आणि सगळ्यांत पुढे डोक्यावर दोन थाळ्या घेतलेला तू, पुलापलीकडच्या भट्टीकडे. कुणी काचेकडे वळूनही बघितलं नाही. पुलाच्या मध्यावर तुझी एक थाळी वाकडी झाली आणि तुझ्या कोटावर पिठीसाखर सांडली, तेव्हा मी किती दिवसांनी हसले.

तू निघताना हळूच विचारलंस, "खाला, माझा गुणांक किती?" त्याचं उत्तर आता देते. तुझ्याच शास्त्रात लिहिलंय की एका वर्षावरून काही सांगता येत नाही, मागच्या वर्षीशी ताडून बघावं लागतं. तर पुढच्या ईदला ये. तीही डिसेंबरातच आहे, त्या वर्षात एकच आहे, मी कॅलेंडर बघून ठेवलंय. थाळ्या तुझ्यासाठी काढून ठेवीन. तेव्हा बघू, वाढलायस की घटलायस.

तुझी खाला
इन्शिराह